लेखनिकाची पाठ आणि मान : आसनविचाराच्या इतिहासातील एक प्रकरण

१

हस्तलिखित पोथीच्या अखेरीस येणाऱ्या पुष्पिकेकडे संशोधक बहुधा ठराविक अपेक्षेने पाहतो. शक अथवा संवत, तिथी, गाव, लिहिणाऱ्याचे नाव आणि ज्याच्यासाठी पोथी लिहिली गेली त्याचे नाव, एवढे हाती लागले म्हणजे पाठचिकित्सेचे काम भागते. परंतु कित्येक संस्कृत पोथ्यांत या तपशिलानंतर लेखनिकाचा म्हणून एक श्लोक येतो आणि तो तसाच मागे पडतो. त्यात लेखनिक आपल्या देहाविषयी बोलत असतो. पाठ, कंबर आणि मान मोडून गेली, दृष्टी एका ठिकाणी खिळून राहिली, तोंड खालीच राहिले, अशा कष्टाने हा ग्रंथ पुरा झाला, सबब तो जपावा, असा त्याचा आशय असतो. प्रांत बदलतो, लिपी बदलते, ग्रंथाचा विषय बदलतो. तक्रार मात्र थोड्याफार पाठभेदाने तीच राहते.

एकच उक्ती इतक्या ठिकाणी आढळते, म्हणून ती केवळ सांकेतिक असून तिच्यात वस्तुस्थिती शोधू नये, असे मानण्याकडे सहज कल होतो. प्रस्तुत लेखात या कलाची तपासणी करावयाची आहे. लेखनिकाच्या तक्रारीत संकेत आहे हे खरे. पण संकेत म्हणजे असत्य नव्हे. किंबहुना मान आणि पाठ का दुखतात या प्रश्नाचे जे उत्तर अलीकडील वैद्यकास बरीच वळणे घेऊन सापडले, त्याचे बीज या तक्रारीत आहे. लेखनिक आपण वाकडे बसलो असे म्हणत नाही. आपण तसेच बसून राहिलो असे म्हणतो. या दोन म्हणण्यांतील अंतर हाच पुढील विवेचनाचा विषय होय.

२

ही तक्रार केवळ भारतीय नाही. स्पेनमधील कास्तील प्रदेशात व्हालेरानिका येथील मठात फ्लोरेन्तियुस नावाच्या लेखनिकाने इ. स. ९४५ मध्ये पहिल्या पोप ग्रेगरीच्या ‘मोरालिया’ या ग्रंथाची नक्कल पुरी केली. तीस जोडलेल्या मजकुरात तो वाचकास बजावतो की, ज्याला लिहिता येत नाही त्याला लेखनात श्रम असतात हे पटत नाही. प्रत्यक्षात मात्र लिहिण्याने डोळे अंधुक होतात, पाठ वाकते, बरगड्या आणि पोट यांना पीडा होते आणि कंबरेत कळा येतात. पुढे त्याच प्रदेशातील सीलोस येथील मठात ज्या प्रसिद्ध हस्तलिखिताचे लेखन १०९१ मध्ये पुरे झाले, त्यातही जवळजवळ याच अर्थाचा मजकूर आहे. लिहिणारी बोटे तीनच, परंतु राबणारे शरीर सगळे, या आशयाची एक लॅटिन उक्तीही मध्ययुगीन लेखनिकांत रूढ होती.

संस्कृत आणि लॅटिन या दोन लेखनपरंपरांनी ही कल्पना एकमेकींकडून उचलली असे मानण्यास आधार नाही. एका परंपरेच्या अंतर्भागात ती उक्ती एका पोथीतून दुसरीत नकलली गेली असेल. परंतु दोन दूरस्थ परंपरांत ती स्वतंत्रपणे उगवली याचे कारण दोन्हीकडील काम सारखे होते, हेच संभवते. एखादे सूत्रवाक्य पिढ्यान्‌पिढ्या टिकते ते ज्यांनी ते पुनःपुन्हा लिहिले त्यांच्या अनुभवाशी जुळते म्हणून, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास नवीन नाही.

या शब्दप्रामाण्यास आता अस्थींचाही पुरावा मिळाला आहे. ईजिप्तमधील अबूसीर येथे प्राचीन राज्याच्या काळातील, म्हणजे सुमारे इ. स. पू. २७०० ते २१८० या अवधीतील, ६९ प्रौढ पुरुषांच्या सांगाड्यांचा अभ्यास चेक संशोधकांनी केला व त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या ६९ जणांपैकी ३० जण लेखनिक होते. इतरांशी तुलना करता लेखनिकांच्या सांध्यांची झीज काही विशिष्ट जागी अधिक आढळली : पाठीच्या कण्यात, आणि त्यातही मानेच्या मणक्यांत, उजव्या खांद्यात, उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी, गुडघ्यापाशी, आणि जबड्याच्या सांध्यात. जबड्याची झीज लव्हाळ्याच्या लेखणीचे टोक चावून तयार करण्याच्या सवयीमुळे झाली असावी, असे अनुमान संशोधकांनी केले आहे. गुडघ्यांच्या वाट्यांवरील व उजव्या घोट्याजवळील खुणांवरून हे लोक मांडी घालून, अथवा एक पाय दुमडून व दुसरा गुडघा उभा करून बसत असावेत, असेही दिसते. साकारा येथे १८५० मध्ये ओग्युस्त मारिएत यास सापडलेली व पुढे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ठेवलेली लेखनिकाची रंगीत मूर्ती मांडी घालून, मांडीवर पपायरस पसरून बसलेली आहे. त्या मूर्तीची पाठ वाकलेली नाही, ती ताठ आहे. अस्थींवरील खुणांना इतर कारणेही असू शकतात हे ध्यानात ठेवले, तरी मूर्तीचे शिल्प आणि मणक्यांची झीज ही दोन साधने एकत्र वाचली पाहिजेत. शिल्पकाराने लेखनिकाची प्रतिष्ठा दाखविली. अस्थींनी त्याचा दिनक्रम दाखविला.

३

महाराष्ट्रातील दप्तराच्या इतिहासास ही बाजू लावून पाहण्याजोगी आहे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. मूळ दप्तराच्या मानाने ही निवड अल्पच होय. एवढे कागद बोरूने, हाताने आणि जमिनीवर बसून लिहिले गेले. गुडघा उभा करून त्यावर कागद धरावयाचा, अथवा पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी घेऊन तिच्यावर लिहावयाचे, ही कारकुनाची परिचित बैठक होय. अबूसीरच्या लेखनिकाशी तिचे साम्य उघड आहे.

मोडी लिपीची घडण या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि मग तिच्या आधाराने, लेखणी शक्य तितकी न उचलता, अक्षरास अक्षर जोडीत जावयाचे, ही मोडीची रीत. हिच्यामुळे लेखनाचा वेग वाढला आणि दर अक्षरामागची हाताची उचल कमी झाली. परंतु हाताची उचल जशी कमी होते तशी मान वर करण्याची निमित्तेही कमी होतात. बालबोधीत सावकाश नक्कल करणारा लेखनिक आणि मोडीत झपाट्याने लिहिणारा कारकून यांच्या श्रमांचे स्वरूप सर्वस्वी एक नव्हते. बसण्याचा अवधी मात्र दोघांच्याही वाट्यास दीर्घच आला. लिपीतील सुधारणा हाताच्या सोयीची असते. पाठीची सोय तिने आपोआप होत नाही.

४

या अवयवांची मराठी नावे व त्यांभोवती जमलेले वाक्प्रचार पाहिले असता आसनविचाराचा आणखी एक थर उकलतो. ‘पाठ’ हा शब्द संस्कृत ‘पृष्ठ’ यावरून आला, तर ‘कंबर’ हा फारसी ‘कमर’ यावरून. ‘मान’ हा शब्द ‘मन्या’ यावरून आला आहे. मन्या म्हणजे मानेचा मागील भाग. म्हणजे मराठीने संपूर्ण अवयवास जे नाव दिले ते त्याच्या नेमक्या त्या भागाचे, जो वाकून काम करणाऱ्याचा प्रथम दुखतो. चरकसंहितेत वातविकारांची जी ८० नावे दिली आहेत त्यांत गृध्रसी, त्रिकग्रह, पृष्ठग्रह, ग्रीवास्तंभ आणि मन्यास्तंभ ही येतात. सुश्रुतसंहितेत मन्यास्तंभाच्या कारणांमध्ये दिवसा झोपणे, विषम स्थितीत राहणे आणि मान वेडीवाकडी करून वर पाहणे यांचा निर्देश आहे. ‘ग्रह’ म्हणजे धरणे, ‘स्तंभ’ म्हणजे ताठरणे. ‘पाठ धरली’, ‘मान आखडली’ असे जेव्हा मराठी माणूस म्हणतो तेव्हा तो हेच निदान देशी शब्दांत सांगत असतो. येथे रोग आहे तो वाकडेपणाचा नव्हे, ताठरपणाचा.

याच्या उलट दिशेने जाणारा एक प्रवाहही भाषेत आहे. आदर या अर्थाचा ‘मान’ हा संस्कृत ‘मान’ या निराळ्या शब्दाचा तत्सम रूपाने राहिलेला अवशेष होय. दोन्ही शब्दांचे रूप मराठीत एक झाले आणि वाक्प्रचारांत त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळले. ताठ मानेने जगावे, लज्जेने मान खाली घालावी, स्वाभिमान नसलेल्यास कणा नसलेला म्हणावे, ही सारी भाषा देहाच्या ठेवणीवरून शीलाचा निर्णय करते. अशा भाषेत वाढलेल्या मनास ताठ बसणे हे आरोग्याचे लक्षण वाटण्यापूर्वीच सद्गुणाचे लक्षण वाटू लागते. तथापि याच भाषेने ‘ताठा’ हा शब्द दोष म्हणून राखून ठेवला आहे. आणि जो खरोखर कष्टतो त्याच्याविषयी तो ‘मान मोडून काम करतो’ असे ती म्हणते. पुष्पिकेतील लेखनिकाची मोडलेली मान आणि हा वाक्प्रचार यांत व्युत्पत्तीचा संबंध जोडण्याचे कारण नाही; प्रतिमा मात्र एकच आहे.

योगग्रंथांचा हवाला या बाबतीत वारंवार दिला जातो, म्हणून त्यांचेही म्हणणे काटेकोरपणे पाहावयास हवे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात शरीर, मस्तक आणि मान समरेषेत ठेवण्यास सांगितले आहे; परंतु तो उपदेश ध्यानास बसणाऱ्यास आहे, दिवसभर नक्कल करणाऱ्यास नव्हे. पतंजलीने आसनाची व्याख्या करताना दोनच गुण सांगितले : स्थैर्य आणि सुख. सरळपणाचा त्यात उल्लेख नाही. शिवाय हे आसन प्रयत्न शिथिल केल्याने साधते असे तो लगेच पुढे सांगतो. नेटाने धरून ठेवलेला ताठपणा या व्याख्येत बसत नाही.

५

युरोपीय वैद्यकात या प्रश्नाची पहिली पद्धतशीर मांडणी बर्नार्डिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) या इटालियन वैद्याने केली. व्यवसायजन्य रोगांवरील त्याचा ग्रंथ १७०० मध्ये मोदेना येथे प्रसिद्ध झाला. १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तीत लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण आले. रोग्यास विचारावयाच्या जुन्या प्रश्नांत ‘तू कोणता धंदा करतोस?’ या प्रश्नाची भर घालावी, ही त्याची सूचना प्रसिद्धच आहे. लेखनिकांच्या पीडांची त्याने तीन कारणे दिली : सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने अखंड चालणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. त्याने एका लेखनिकाची हकीकत दिली आहे. अति लेखनाने त्याचा उजवा हात निकामी झाला. तेव्हा त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, आणि थोड्याच काळात त्या हातासही तोच विकार जडला. दोष हाताचा नव्हता, कामाच्या अखंडपणाचा होता, हे दाखविण्यास याहून बोलका दृष्टांत मिळणे कठीण. बैठ्या कारागिरांनी निदान सुटीच्या दिवशी तरी व्यायाम करून बसण्याचा अपाय भरून काढावा, असा उपायही त्याने सांगितला. तिन्ही कारणांत शरीर सरळ होते की वाकडे, यापेक्षा ते किती वेळ एकाच स्थितीत जखडले होते, यावर भर आहे.

पुढील विचार मात्र निराळ्या वाटेने गेला. पॅरिसमधील निकोला आंद्री याने १७४१ मध्ये मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळण्याविषयी ग्रंथ लिहिला आणि ‘सरळ’ व ‘मूल’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ‘ऑर्थोपीडी’ हे नाव घडविले. वाकडे वाढणारे रोपटे दोरीने सरळ खुंटास बांधल्याचे त्या ग्रंथातील चित्र पुढे अस्थिशल्यशास्त्राचे बोधचिन्ह झाले. नाव आणि चिन्ह या दोहोंनी ‘सरळ’ ही कल्पना केंद्रस्थानी आणून बसविली. मुलांच्या व्यंगांविषयी ती सयुक्तिक होती; परंतु हळूहळू ती सर्वांच्या बसण्याउठण्याचा दंडक झाली.

एकोणिसाव्या शतकात सार्वत्रिक शिक्षणाने लक्षावधी मुले बाकांवर बसविली, तेव्हा हा दंडक शाळेत शिरला. ब्रेस्लाउ येथील नेत्रवैद्य हेर्मान कोन याने १०,०६० विद्यार्थ्यांची तपासणी करून १८६७ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. ऱ्हस्वदृष्टीचा विकार वरच्या इयत्तांत वाढत जातो असे त्यात दिसले, आणि बाक, मेज व प्रकाश यांच्या सुधारणेची चळवळ सुरू झाली. फ्रांट्स श्टाफेल या जर्मन वैद्याने १८८४ मध्ये बसण्याच्या आरोग्यविचारावर लिहिताना कंबरेच्या पोकळीस आधार देणारी खुर्ची सुचविली. कंबरेत, गुडघ्यात आणि घोट्यात काटकोन करून ताठ बसलेल्या माणसाचे जे चित्र पुढे शाळांतून व कचेऱ्यांतून सर्वत्र दिसू लागले, त्याचे मूळ या विचारात आहे. या सुधारणांनी हितच केले, यात शंका नाही. मात्र ‘किती वेळ’ हा रामाझ्झिनीचा प्रश्न मागे पडला आणि ‘किती ताठ’ हा प्रश्न पुढे आला. डेन्मार्कमधील शल्यवैद्य आ. सी. मांडाल याने १९७० नंतर या काटकोनी चित्रावर टीका करताना नेमके हेच दाखविले की, असे बसणे फार वेळ कोणालाच जमत नाही.

६

विसाव्या शतकात या दंडकास दोन दिशांनी आव्हान मिळाले. पहिले मानवशास्त्राकडून. मार्सेल मोस याने १९३४ मधील आपल्या व्याख्यानात बसणे, चालणे, पोहणे या क्रिया निसर्गदत्त नसून समाजाने शिकविलेल्या असतात असे प्रतिपादन केले. गॉर्डन ह्यूज या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये बसण्या-उभे राहण्याच्या सवयींचे जगभरचे वितरण मांडले व १९५७ मध्ये, निदान एक चतुर्थांश मानवजात विसाव्यासाठी उकिडवी बसते, असे नमूद केले. मराठीत मांडी घालणे, उकिडवे बसणे, फतकल मारणे, ठाण मांडणे, रेलणे असे निरनिराळे शब्द आहेत, ते या विविधतेचीच साक्ष देतात. खुर्ची हा शब्दही अरबी ‘कुर्सी’वरून आलेला आहे. तेव्हा खुर्चीवरील एक विशिष्ट आसन हेच मनुष्याचे स्वाभाविक आसन, असे म्हणण्यास आधार उरला नाही.

दुसरे आव्हान प्रत्यक्ष मापनाचे. स्वीडिश शल्यवैद्य आल्फ नाखेमसन याने १९६० नंतरच्या दशकांत मणक्यांमधील चकतीच्या आतील दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा आधाराविना बसताना तो बराच अधिक असतो, असा त्याचा निष्कर्ष दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनात मात्र उभे असताना हा दाब ०.५० मेगापास्कल, आधाराविना सैल बसताना ०.४६, आणि खुर्चीत मागे रेलून बसताना सुमारे ०.३ भरला. रात्रीच्या सात तासांच्या झोपेत तो ०.१० वरून ०.२४ पर्यंत चढला. हे मापन एकाच स्वयंसेवकाच्या एकाच चकतीचे आहे, ही त्याची मर्यादा विसरता कामा नये. पण त्यातून दिसणारी एक गोष्ट महत्त्वाची आहे. प्रौढ माणसाच्या चकतीच्या अंतर्भागात रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण भोवतालच्या ऊतींतून द्रव झिरपून होते आणि दाब बदलत राहण्याने त्यास साहाय्य होते. म्हणून एखादी स्थिती चांगली की वाईट यापेक्षा स्थिती बदलते की नाही, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.

प्रतिबंधाच्या उपायांविषयीचा पुरावाही याच बाजूचा आहे. एकंदर ३०,८५० व्यक्तींचा समावेश असलेल्या २१ चाचण्यांचा साकल्याने विचार करणारा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायाम व शिक्षण यांच्या जोडीने पुढील वर्षभरात कंबरदुखी उद्भवण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी, तर केवळ व्यायामाने सुमारे ३५ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. कंबरपट्टे आणि पादत्राणांतील गाद्या यांचा तसा उपयोग दिसला नाही. हा प्रश्न किरकोळ नाही, हे पुढील आकड्यांवरून कळेल. जागतिक अंदाजानुसार २०२० मध्ये सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी व सुमारे २० कोटी ३० लाख लोकांना मानदुखी होती.

७

या सर्व विवेचनाचा इत्यर्थ असा की, लेखनिकाचा श्लोक हा अलंकार नव्हे, ती व्यवसायाची नोंद आहे. पुष्पिकांच्या सूच्या करताना शक, संवत आणि नावे यांच्याप्रमाणेच ही देहविषयक विधानेही त्यांच्या पाठभेदांसह नोंदविली जावीत. कोणत्या प्रांतात डोळ्यांची तक्रार आधी येते, कोठे कंबरेची, लेखनसाधन ताडपत्र असताना काय म्हटले आहे आणि कागद असताना काय, या प्रश्नांची उत्तरे अशा सूचीवाचून मिळणार नाहीत. ज्ञानाच्या इतिहासात ग्रंथकार आणि आश्रयदाते यांची नोंद होते. ज्यांच्या पाठीवर ते ज्ञान वाहिले गेले त्यांची एवढीच एक सही उरली आहे.

दुसरी गोष्ट अभ्यासकाच्या स्वतःच्या बैठकीची. पोथीवर ओणवा होणारा विद्यार्थी आणि संगणकाच्या पडद्यासमोर तासन्‌तास मान पुढे काढून बसणारा विद्यार्थी हे त्या लेखनिकाचेच वारस होत. पोथी तिरप्या टेकूवर ठेवून नजरेच्या उंचीजवळ आणणे, पडदा फार खाली न ठेवणे, कंबरेस आधार घेणे, या गोष्टी अवश्य कराव्यात. त्यांनी श्रम हलके होतात. परंतु तेवढ्याने भागेल असे समजू नये. अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, चार पावले चालावे, बसण्याची तऱ्हा बदलावी, आणि आठवड्यातून काही वेळा तरी शरीरास खरा व्यायाम द्यावा. दुखणे हातापायांत उतरत असेल, बधिरपणा वा अशक्तपणा जाणवत असेल, मलमूत्रावरील ताबा सैल होत असेल, किंवा ज्वर असेल, तर आसनाचा विचार बाजूस ठेवून तत्काळ वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

जुन्या लेखनिकास पोथी संपेपर्यंत उठण्याची मोकळीक फारशी नसावी, कारण त्याचे पोट त्या पानांवर अवलंबून होते. संशोधनाच्या विद्यार्थ्यास ती मोकळीक बहुधा असते. ती न घेण्यात विद्येची कोणतीही सेवा घडत नाही.